वर्ल्ड्सच्या जागा देशादेशांत कशा वाटाव्यात? ऐरोलीच्या एका पालकांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगा १४ वर्षांचा. पोकेमॉन कार्ड गेम खेळतो. ठाणे-नवी मुंबईत होतात तेवढ्या सगळ्या स्पर्धा खेळतो. तरी अमेरिकेतल्या त्याच्या वयाच्या मुलाला मोसमात जेवढ्या स्पर्धा मिळतात, त्याच्या पावपटही याला मिळत नाहीत. मग वर्ल्ड्सला, म्हणजे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला, प्रत्येक देशाला सारख्या जागा का देत नाहीत? आणि आम्ही इथे राहून काय करायचं?"

तुमची तक्रार खरी आहे. मागणी मात्र चुकीच्या ठिकाणी आहे, असं मला वाटतं. जागा किती, हा अगदी शेवटचा हिशेब. नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. मोजणीत धरले जाणारे किती सामने मुलाला घराजवळ खेळता आले, नवी कार्डं वेळेवर हातात पडली का, आणि पात्र ठरल्यावर व्हिसासाठी किती दिवस उरले, यांवर बरंच काही ठरून जातं. नियम खेळागणिक आणि मोसमागणिक बदलतात, म्हणून या वर्षी पात्रतेसाठी लागणाऱ्या पॉइंटचा आकडा किती हे तुम्ही अधिकृत पानावरच पाहा. मी त्यामागचा हिशेब सांगतो. तो फारसा बदलत नाही.

आधी सारख्या जागांचा मुद्दा. हिशेबापुरते चार देश धरा. नियमित स्पर्धा खेळणारे खेळाडू अनुक्रमे ४०, १६०, ६४० आणि २,५६०. वर्ल्ड्सच्या जागा ६४. सारख्या वाटल्या तर प्रत्येकी १६. म्हणजे पहिल्या देशात पाचांतले दोघे जाणार आणि चौथ्या देशात १६० जणांतून एक. चौथ्या देशातल्या सतराव्या क्रमांकाच्या मुलाला हे कसं समजावणार? खेळाडूंच्या संख्येप्रमाणे वाटल्या तर १, ३, १२ आणि ४८. आता पहिल्या देशाला एकच जागा उरते, आणि त्या एका जागेवर तिथल्या सगळ्यांचा वर्षभराचा उत्साह तगून राहायचा. असे देश दोन-तीन मोसमांत रिकामे होतात. मुलं दुसऱ्या खेळाकडे वळतात, दुकानदार माल मागवणं थांबवतो.

मला पटतो तो मधला मार्ग, वर्गमूळाचा. खेळाडूंच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्या प्रमाणात जागा द्यायच्या. वरच्या उदाहरणात वर्गमुळांचं प्रमाण १:२:४:८ येतं आणि ६४ जागा ४, ९, १७, ३४ अशा पडतात. मोठ्या देशाला सर्वांत जास्त मिळतात आणि लहान देशाचा श्वासही चालू राहतो. ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेतल्या देशांच्या मतांसाठी वर्गमूळ सुचवलं होतं. त्यांचं कारण वेगळं होतं. इथे कारण असं की खेळाडू चौपट झाले म्हणून जागतिक दर्जाचे खेळाडू चौपट होत नाहीत. लहान देशाचे पहिले तीन-चार आणि मोठ्या देशाचे पहिले तीन-चार यांच्यात अंतर थोडंच असतं. खरं अंतर दिसतं ते पन्नासाव्या क्रमांकावर.

याला पुरावा आहे. मॅजिक: द गॅदरिंग या दुसऱ्या कार्ड गेममध्ये २०१२ ते २०१८ वर्ल्ड मॅजिक कप व्हायचा. देश केवढाही असो, प्रत्येकाचा एक संघ. आधी चौघांचा, शेवटची दोन वर्षं तिघांचा. पहिल्या वर्षी तैवान जिंकलं, २०१३ मध्ये फ्रान्स, २०१४ मध्ये डेन्मार्क, २०१५ मध्ये इटली, २०१६ मध्ये ग्रीस, २०१७ मध्ये जपान आणि २०१८ मध्ये पुन्हा फ्रान्स. अमेरिका एकदाही नाही. पोकेमॉनच्या मोठ्या वयोगटातले वैयक्तिक विजेते पाहा: २०१७ ला अर्जेंटिना, २०१८ ला जर्मनी, २०१९ ला ऑस्ट्रेलिया, मग महासाथीमुळे दोन वर्षं स्पर्धाच झाली नाही, २०२२ ला चेक प्रजासत्ताक, २०२३ ला अमेरिका, २०२४ ला चिली, २०२५ ला अमेरिका. जिंकण्याची कुवत सगळीकडे आहे. टेबलापर्यंत पोचण्याची सोय सगळीकडे नाही.

आता, जागा ठरल्या तरी त्या कुणाला द्यायच्या? "आपल्या देशात एक मोठी स्पर्धा घ्या, जो जिंकेल तो जाईल," ही सूचना नेहमी येते. ऐकायला सरळ वाटते, पण कार्डच्या खेळात ती जवळपास सोडत असते. गणित करून बघू. एक खरोखर चांगला खेळाडू इतरांविरुद्ध शंभरातले ६० डाव जिंकतो असं धरा. या खेळात हे प्रमाण चांगलंच आहे, कारण डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) फेटल्यावर हातात काय येईल ते कुणाच्याच ताब्यात नसतं. ६४ जणांची स्पर्धा, स्विस पद्धतीने (हरलं तरी बाहेर न पडता, साधारण सारखे गुण असलेल्याशी पुढचा सामना) सहा राउंड. एका डावाचा सामना असेल तर तो सहाही जिंकण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. तीनपैकी दोन डावांचा सामना ठेवला तर एक सामना जिंकण्याची शक्यता ६० वरून सुमारे ६५ टक्क्यांवर जाते, आणि सहाही जिंकण्याची ७ टक्क्यांच्या थोडी वर. अशा तीन स्पर्धा घेतल्या तर त्यांतली निदान एक तशी निर्विवाद जिंकण्याची शक्यता २० टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणून एकच मोठी स्पर्धा मागण्यापेक्षा तीन मध्यम स्पर्धा मागा, आणि सामना तीन डावांचा मागा. आयोजकांशी बोलताना आधी हेच मांडा, जागांचा आकडा मागाहून.

पॉइंटची पद्धत याच कारणासाठी आली: वर्षभर खेळा, पॉइंट जमवा, ठरलेला आकडा गाठा. तिच्यात कुठल्याही देशाचं नाव नसतं, म्हणून ती निःपक्ष वाटते. पण ती तीन ठिकाणी गळते.

पहिली गळती स्पर्धांच्या संख्येची. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पातळीवरचे ठरावीक सर्वोत्तम निकालच धरतात. समजा सहा. उपाय चांगला, पण पुरेसा नाही. एक फासा एकदा टाकला तर सरासरी साडेतीन येते. तोच तीनदा टाकून सर्वांत मोठा आकडा धरला तर सरासरी जवळपास पाच. फासा तोच. जो १८ स्पर्धा खेळून उत्तम सहा निवडतो आणि जो सहाच खेळून सहाही लावतो, त्यांच्यात निदान एवढा तरी फरक पडतो. आणि ज्याच्या शहरात चारच स्पर्धा झाल्या त्याचे दोन रकाने रिकामेच. मर्यादा ठरवताना सर्वांत कमी स्पर्धा मिळणारा देश डोळ्यांसमोर ठेवला तरच तिला अर्थ आहे.

दुसरी गळती कमी लोकांना दिसते. स्पर्धेत पॉइंट कितव्या क्रमांकापर्यंत द्यायचे ते हजेरीवर ठरतं. गर्दी असेल तर पहिल्या आठांना किंवा सोळांना, मोजके लोक असतील तर पहिल्या चौघांनाच. यामागे कारण आहे: आठ जणांच्या स्पर्धेत आठवा आलेल्याला पॉइंट देणं हास्यास्पद होईल. पण त्यामुळे लहान देशाचं नुकसान दोनदा होतं. स्पर्धा कमी, आणि प्रत्येक स्पर्धेतून बाहेर पडणारे पॉइंटही कमी. तुमच्या मुलाच्या गटाला हे जास्त बोचतं. पोकेमॉनमध्ये ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे गट जन्मवर्षावरून पडतात, आणि सीनियरमध्ये, म्हणजे तुमच्या मुलाच्या गटात, चार-पाचच मुलं आली तर त्यांना मोठ्यांबरोबर एकत्र खेळवतात. निकाल मात्र गटाप्रमाणे वेगळे लावतात. मुलगा दिवसभर मोठ्यांकडून हरला तरी आपल्या गटात पहिला असू शकतो. दोन पराभवांनंतर निराश होऊन त्याला स्पर्धा सोडू देऊ नका.

तिसरी गळती प्रवासाची. २०१६-१७ च्या मोसमापासून पोकेमॉनने खंडांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या: युरोप, लॅटिन अमेरिका, उत्तर अमेरिका, आणि काही वर्षं ओशनिया. नाव खंडाचं असलं तरी दुसऱ्या खंडातून कुणीही येऊ शकतो. ज्याच्याकडे विमानाचे पैसे आहेत तो साओ पाउलोला जाऊन तिथले पॉइंट घेऊन येतो, आणि तिथल्या स्थानिक खेळाडूचा क्रमांक तेवढा खाली सरकतो. वर, क्रमवारीत अव्वल असणाऱ्यांना पुढच्या प्रवासासाठी मदत मिळते. म्हणजे जो आधीच फिरू शकत होता त्यालाच पुढचं तिकीट. माझं ठाम मत आहे की ही मदत निम्मी तरी अशा खेळाडूंना जावी, ज्यांनी आपल्या राहत्या देशाबाहेर एकही स्पर्धा खेळलेली नाही. 'राहत्या देशाबाहेर' हे शब्द मुद्दाम वापरतोय. देशवार जागा आल्या की सोप्या देशाचं नाव लावणारे येतातच, म्हणून पासपोर्टबरोबर राहण्याची अटही लागते.

कार्ड कुठली चालतात, यावरही न्याय ठरतो. पोकेमॉनचे नवे संच जपानमध्ये आधी निघतात, इंग्रजीत नंतर. सगळ्यांना वाटतं की जपानी खेळाडूंना आगाऊ सराव मिळतो. अर्धं खरं आहे. वर्ल्ड्सला इंग्रजीत न आलेली कार्डं चालत नाहीत, त्यामुळे जपानी खेळाडूला पुढचा खेळ विसरून मागच्या संचावर परत यावं लागतं. यू-गी-ओ या आणखी एका कार्ड गेममध्ये तर जपान-आशियाची आणि बाकी जगाची बंदी घातलेल्या कार्डांची यादीच वेगळी. तिथे वर्ल्ड्ससाठी दोन्ही याद्या एकत्र करून प्रत्येक कार्डाला जी जास्त कडक मर्यादा असेल ती लावतात. त्यामुळे कुणाचाच रोजचा डेक जसाच्या तसा चालत नाही. सगळ्यांना सारखा त्रास, आणि मला हा तोडगा बाकी साऱ्या तोडग्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

भाषेबद्दल एवढंच: कार्ड वाचायला वेळ लागतो म्हणून मुलगा घाई करत असेल तर त्याला जजला (स्पर्धेतल्या पंचाला) हात वर करून बोलवायला शिकवा. शंका विचारणं हा खेळाडूचा हक्क आहे, आणि जजने निर्णय द्यायला घेतलेला वेळ सामन्याला वाढवून मिळतो.

पासपोर्टचा मुद्दा मात्र नियमपुस्तकात कुठेच नसतो. वर वाचलेली विजेत्यांची यादी पुन्हा बघा. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक, चिली: या चारही देशांच्या नागरिकांना अमेरिकेत थोड्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी पुरते. लॅटिन अमेरिकेत ही सवलत एकट्या चिलीला आहे. अर्जेंटिनाच्या खेळाडूला २०१७ मध्ये अनाहाइमला जाताना ती नव्हती. आपल्याला तर व्हिसाच लागतो, आणि मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनोन् महिने जातात. वर्ल्ड्स ऑगस्टमध्ये असते. शेवटची मोठी स्पर्धा जूनमध्ये ठेवली आणि तिच्यावर पात्रता ठरली, तर त्या जागेचा उपयोग व्हिसा न लागणाऱ्यालाच. वर्ल्ड्स पहिल्यांदा उत्तर अमेरिकेबाहेर गेली ती २०२२ मध्ये लंडनला, मग २०२३ मध्ये योकोहामाला, हे बरं झालं. पण यजमान शहर बदलण्यापेक्षा पात्रतेची अखेर एप्रिलमध्ये आणणं आपल्यासारख्यांना जास्त उपयोगी आहे.

आता तुम्ही इथे काय करायचं ते.

ठाणे आणि वाशीतले आयोजक एकाच रविवारी स्पर्धा ठेवत असतील तर दोघांना एकत्र बसवा. दोन्हीकडे नऊ-नऊ जण आले तर दोन्हीकडे चारच राउंड होतात आणि पॉइंट मोजक्यांनाच मिळतात. एक रविवार ठाण्यात आणि पुढचा वाशीत ठेवला तर तेच अठरा जण दोन्हीकडे येतात, पाच राउंड होतात, पॉइंट खालपर्यंत जातात आणि स्पर्धांची संख्याही तीच राहते. ट्रान्स-हार्बरने ठाणे-वाशी अर्ध्या तासाचं अंतर आहे आणि ऐरोली वाटेवरच. फक्त तारीख पक्की करण्याआधी रविवारचा मेगाब्लॉक पाहा. बारा जणांची गाडी अडकली की हजेरी घसरते आणि पॉइंटही घसरतात. दहावीच्या परीक्षेचे फेब्रुवारी-मार्च आणि गणपतीचे दिवस टाळा.

सामने तीन डावांचेच ठेवा. राउंडला ५० मिनिटं, वर निकाल लिहायला आणि पुढच्या जोड्या लावायला दहा मिनिटं. पाच राउंडना पाच तास, मध्ये जेवण. हॉल सकाळी दहा ते पाच घ्यावा लागतो, म्हणून आयोजक एका डावावर उरकतात. पण फक्त एका डावाची सवय असलेली मुलं बाहेर गेली की घड्याळाकडून हरतात. पोकेमॉनमध्ये जिंकलेल्या सामन्याला ३ गुण आणि बरोबरीला १, त्यामुळे दोन बरोबऱ्या हे एका पराभवापेक्षाही जास्त नुकसान. मुलाला सांगा, पहिला डाव विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला हाताबाहेर गेलेला दिसला तर तिथेच सोडायचा आणि दुसऱ्याला वेळ ठेवायचा. हरलेला डाव ओढत बसणं ही आपल्याकडच्या मुलांची मोठी चूक आहे, कारण घरी कुणी घड्याळ लावत नाही. घरी लावा.

स्पर्धेनंतर दोन दिवसांत मुलाच्या खात्यात निकाल चढला का ते तपासा. प्लेअर आयडी किंवा जन्मतारीख चुकली तर पॉइंट दुसऱ्या गटात जातात किंवा कुठेच जात नाहीत, आणि मोसमाच्या शेवटी कुणी ते शोधून देत नाही.

कार्डांच्या बाबतीत: नवा इंग्रजी संच स्पर्धेत चालू होण्याची तारीख सगळीकडे एकच असते, पण आपल्या दुकानातली पेटी न्हावा शेवा किंवा एअर कार्गोत अडकली तर ती तारीख आपल्या कामाची नाही. म्हणून नवा संच चालू झाल्यावर पहिले दोन आठवडे जुन्या, हातात असलेल्या कार्डांचा डेक खेळवा. घरच्या सरावाला प्रॉक्सी, म्हणजे कार्डांच्या कागदावर छापलेल्या नकला, वापरा, किंवा पोकेमॉन टीसीजी लाइव्ह या अ‍ॅपवर फुकट खेळा. साठ कार्डांची यादी पन्नासेक डाव टिकली की मगच खरी कार्डं विकत घ्या. अधिकृत स्पर्धेत घरच्या प्रॉक्सी चालत नाहीत. स्वस्त मिळतात म्हणून जपानी भाषेतली कार्डंही घेऊ नका. अमेरिका-युरोपातल्या स्पर्धांत ती चालत नाहीत आणि तिथे ऐन वेळी इंग्रजी कार्डं विकत घ्यावी लागतात.

शेवटी व्हिसा. पात्र ठरायची वाट बघू नका. पुढच्या वर्षीचं ठिकाण आदल्या वर्ल्ड्सच्या समारोपातच जाहीर करतात. २०२५ ला अनाहाइममध्ये २०२६ साठी सॅन फ्रान्सिस्को सांगितलं गेलं. ठिकाण अमेरिकेत असेल तर लगेच बी१/बी२ (थोड्या भेटीच्या व्हिसा) साठी अर्ज करा. २०२३ पासून त्याचं शुल्क १८५ डॉलर आहे, नकार आला तरी परत मिळत नाही, पण मिळाला तर आपल्याला तो बहुतेक वेळा दहा वर्षांचा मिळतो, म्हणजे एका मोसमाचा खर्च नऊ-दहा मोसमांवर पसरतो. ठिकाण युरोपातल्या शेंगेन देशांत असेल (तिथे बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो) तर शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपेक्षा लवकर करताच येत नाही, त्यामुळे तिथे पात्रतेची तारीख पाहूनच नियोजन करा. या सगळ्याच्या आधी मुलाचा पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा तो सहसा पाचच वर्षांचा असतो, आणि पहिलीत काढलेला असेल तर केव्हाच संपला असेल. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट केंद्रात नूतनीकरणाला जाताना दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर डी बरोबर न्या. व्हिसा मिळाल्यावर पासपोर्टची मुदत संपली तर घाबरू नका. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टबरोबर बाद होत नाही. विमानतळावर जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे.